मधुसूदनदादाचा अकरा दिवसांचा संकल्प

हरिशंकरपुरममध्ये आमचं घर विचारायचं असेल तर माझं नाव सांगून उपयोग नाही. पंचवीस वर्षं मी इथल्या सरकारी शाळेत शिकवते, निम्म्या कॉलनीची पोरं माझ्या हाताखालून गेली, तरी कोपऱ्यावरचा पानवाला 'मंजिरी मॅडम' म्हटल्यावर डोकं खाजवतो. 'सोवळेवाले महाराज' म्हणा, उठून दारापर्यंत सोडायला येईल. ते महाराज म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ, मधुसूदन. वय त्रेपन्न.

तो महाराज कसा झाला ते आधी सांगते. दादा पाच वर्षांचा असताना दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला आत्याने त्याला मांडीवर ओढून तेल लावायला घेतलं. त्याने असा आकांत केला की शेजारीपाजारी धावत आले. भिंतीवर डोकं आपटून घेतलं. हे पहिल्यांदाच नव्हतं. कुणी गालाला हात लावला, कुणी कडेवर उचललं की हेच. आमचे आजोबा पुजारी. दक्खनमधून इथे उत्तरेत, हिंदी मुलखात येऊन आमच्या चार पिढ्यांनी संस्थानी दरबारच्या देवळांतून पूजाच केली. आजोबा बाहेर आले, नातवाकडे बघत उभे राहिले आणि त्यांनी निवाडा दिला, "त्याला शिवू नका. सोवळ्यातला जीव आहे तो."

पूजेला बसलेल्या, सोवळं नेसलेल्या माणसाला शिवायचं नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्या दिवसापासून घरात दादाला कुणी हात लावला नाही आणि त्या दिवसापासून त्याचं ओरडणं थांबलं. म्हणजे आजोबांचं खरंच ठरलं की. शिवलेल्या कपड्यांची शिवण त्याला टोचायची, सदरे ओरबाडून काढायचा. त्याला मऊ रेशमी मुकटा नेसवला, तो शांत झाला. वरण आणि भाताखेरीज काही खायचा नाही, तेही एकमेकांना न लागता, तर तो सात्त्विक आहार झाला. नजरेला नजर द्यायचा नाही, ती विरक्ती झाली. बसल्या जागी डोलायचा, ते ध्यान. चौथीत शाळेने नको म्हटलं, घराने सोवळं म्हटलं, आणि सगळे सुटले. दादा सोडून.

रोज दुपारी चार वाजता तो बाहेर पडतो. आमच्या तीन गल्ल्यांतल्या चव्वेचाळीस घरांपुढे थांबतो आणि दाराशेजारचा विजेचा मीटर बघतो. आकडा पुटपुटतो, घरी येऊन वहीत उतरवतो. अशा वह्यांनी एक ट्रंक भरली आहे. त्याला आकडे आवडतात, इतकीच गोष्ट. पण दाराशी मुकटा नेसलेला, छातीपर्यंत दाढी असलेला माणूस उभा राहून काही पुटपुटतो म्हटल्यावर बायका पदर सावरत बाहेर येतात. लांबूनच जमिनीला हात लावून नमस्कार करतात. उंबऱ्यावर केळं ठेवतात. समोरचे दौलतसिंह फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, एरवी चांगले शहाणे गृहस्थ. तेही चारला पाच कमी असताना मिशा विंचरून फाटकात उभे. "महाराजांची नजर पडली की पुढचा दिवस बढिया जातो," म्हणतात. नजर घरावर नाही, मीटरवर पडते, हे मी त्यांना दोनदा सांगितलं. "एकच बात आहे ताई," म्हणाले.

दोन वर्षांपूर्वी शाळेने आम्हा शिक्षकांना एका प्रशिक्षणाला पाठवलं. आम्ही चहा-समोशाकडे लक्ष ठेवून बसलो होतो. शिकवणारी गरिमा तिशीतली. ऑटिझम, म्हणजे मराठीत ज्याला स्वमग्नता म्हणतात, ती असलेल्या मुलांबरोबर ती काम करते. ती कुठल्याशा आठ वर्षांच्या मुलाबद्दल सांगत होती. स्पर्श सोसत नाही, ठरलेलं बदललं की कोलमडतो, गोंगाटात कान झाकतो, एकाच गोष्टीत तासन्‌तास रमतो, आत काय होतंय ते सांगता येत नाही. ती त्या मुलाबद्दल सांगत होती आणि मला समोर माझा भाऊ दिसत होता, दाढीसकट.

रडू वगैरे आलं नाही मला. राग आला. आजोबांवर, आईवर, कॉलनीवर, केळी ठेवणाऱ्या बायकांवर. घरी येऊन आईला सगळं सांगितलं. आई तेव्हा सत्त्याहत्तरची. तांदूळ निवडत होती, तिने ताटातून नजर उचलली नाही.

"नाव काही का असेना," म्हणाली. "त्याने फरक काय पडणार आहे?"

फरक काय पडतो ते मागच्या माघात कळलं.

त्या दिवशी नेमकी एकादशी होती. दादाने ताट सरकवलं. दादा एकादशी कधीच करत नाही, त्याला रोज वरण-भात लागतो म्हणजे लागतो. पण आईला वाटलं, या वेळी मनात आलं असेल. दुसऱ्या दिवशी द्वादशीला सगळं जग जेवलं, दादा नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. फक्त कोमट दूध, तेही मान एका बाजूला कलती करून, घोट घोट.

मी त्याच कॉलनीत, दोन गल्ल्या सोडून राहते. शाळेतून येता-जाता आईकडे डोकावते. मलाही आधी वाटलं, वाण्याने तांदूळ बदलला असेल. पाटणकर बाजारातून त्याचा नेहमीचा तांदूळ आणून दिला. त्याने ताटाकडे बघितलंसुद्धा नाही. उजवा हात गालावर ठेवून, डोळे मिटून, डोलत बसला होता.

चौथ्या दिवशी आमचा चुलतभाऊ श्रीपाद येऊन गेला. श्रीपाद इथल्या आमच्या मराठी मंडळाचा सचिव, म्हणजे कुठल्याही गोष्टीचा कार्यक्रम करायला त्याला दहा मिनिटं पुरतात. त्याने दारातून दादाचा फोटो काढला. गालावर हात, मिटलेले डोळे. तासाभरात तो मंडळाच्या ग्रुपवर आला, 'मधुसूदनदादांचा अन्नत्याग संकल्प, दिवस चौथा'. खाली हात जोडल्याची चित्रं, सत्तर-ऐंशी.

पाचव्या दिवशी मी शाळेतून आले तर अंगणात सतरंजी. पंधरा-वीस माणसं, दोन टाळकरी, नारळांचा ढीग. भजन जोरात. आतल्या खोलीत दादा कपाटाला पाठ लावून बसला होता, दोन्ही हात कानांवर. मी जवळ गेले, दोन हात अंतरावर थांबले, आणि मला वास आला. कुजल्यासारखा, गोडसर, त्याच्या तोंडाचा. त्याच्या उशीवर पिवळट डाग होते. दाढीखाली उजवा गाल टम्म फुगला होता, आणि चार दिवस तो आमच्या कुणाच्याच ध्यानात आला नव्हता.

मी बाहेर येऊन टाळ थांबवले. "दात किडलाय त्याचा," मी म्हटलं. "संकल्पबिंकल्प काही नाही. त्याला चावता येत नाहीये."

श्रीपाद हलक्या आवाजात म्हणाला, "मंजूताई, धीरे. लोक बसलेत."

दौलतसिंह म्हणाले, "ताई, आपण उगीच परेशान होता. मी सकाळी बघितलं न, चेहरा कसा भरून आलाय. तेज आहे ते."

तेज. पू झालाय आणि हा माणूस तेज म्हणतोय. मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. सतरंजी मात्र गुंडाळली गेली.

सहाव्या दिवशी मी रजा टाकली आणि दादाला दाताच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. आता इथे मला दुसऱ्या कुणावर तोंड टाकायची सोय नाही. गरिमाचं सगळं प्रशिक्षण मी ऐकलं होतं, वहीत लिहून घेतलं होतं, शाळेत इतर बायकांना शिकवलंही होतं. आधी सांगावं, चित्रं दाखवावी, गर्दी टाळावी, घाई करू नये. आणि मी काय केलं? 'चल, जवळच जायचंय' म्हणून गाडीत बसवलं आणि सराफ्यात नेलं, भर बारा वाजता. हॉर्न, हातगाड्या, सोनारांची दुकानं, जिन्यावर माणसं. दवाखान्यात टीव्ही लावलेला. दादा खुर्चीपर्यंत आला ते माझ्या मागून, पण तोंडावर दिवा पडल्याबरोबर उठला.

डॉक्टर म्हणाले, "ऐसे तो नहीं होगा मॅडम. पकड़ना पड़ेगा."

दाराकडे दादा, माझ्या हातात अर्ध्या दिवसाची रजा, त्याच्या तोंडात पू. मी म्हटलं, "धरा."

दोघांनी हात धरले, एकाने डोकं. अठ्ठेचाळीस वर्षं ज्याला कुणी बोट लावलं नव्हतं, त्याला तीन माणसांनी दाबून धरलं. त्याचा आवाज खाली सराफ्यात ऐकू गेला असणार. डॉक्टरांच्या बोटाला तो कडकडून चावला. मग डॉक्टर हात धूत म्हणाले, याला आमच्याकडे नका आणू, याला मेंटलमध्ये दाखवा. घरी आल्यावर दादा कपाट आणि भिंत यांच्यामधल्या फटीत जाऊन बसला. दूधही बंद केलं. ग्रुपवर श्रीपादने लिहिलं, 'आजपासून निर्जळ'.

सातव्या दिवशी दुपारी आई आणि मी भांडलो. खरं तर मीच भांडले. तू त्याचं आयुष्य वाया घालवलंस, म्हटलं. पाच वर्षांचा होता तेव्हा डॉक्टरला दाखवलं असतंस, कुणी त्याला बोलायला शिकवलं असतं, निदान दुखतंय एवढं तरी सांगता आलं असतं. देव करून ठेवलात त्याला, म्हणजे माणसासारखं बघायला नको.

आई ऐकून घेत राहिली. मग म्हणाली, "मला काय कळत नव्हतं? माझ्या पोटचा आहे तो. सोवळं नाही ते, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. नेलं होतं त्याला डॉक्टरकडे, तुझ्या जन्माआधी. त्याने मंदबुद्धी लिहून दिलं आणि म्हणाला, पागलखाना आहे शहरात. मी कागद फाडला. पलीकडच्या गल्लीत एक मुलगा होता तसाच, त्याला पोरं दगड मारायची, मंजू. माझ्या मुलाला लोक नमस्कार करत होते. मी काय करायचं होतं? आणि वेड्याची बहीण कुणी करून घेतली असती? महाराजांची बहीण म्हणून तुझं एका महिन्यात जमलं."

 

आठव्या दिवशी गरिमा आली. तिला मी आदल्या संध्याकाळी फोन केला होता आणि 'धरा' म्हटल्याचंही सांगितलं होतं. तिने मला एका शब्दाने दोष दिला नाही, तो दिला असता तर बरं वाटलं असतं. ती खोलीच्या उंबऱ्याबाहेर जमिनीवर बसली. अर्धा तास बोलली नाही, आत गेली नाही, त्याच्याकडे टक लावून पाहिलंही नाही. त्याच्या मीटरच्या वह्या चाळत राहिली. मग एका कोऱ्या कागदावर तिने मीटर काढला, शून्य ते दहा. शून्यापाशी लिहिलं, 'दुखत नाही'. दहापाशी लिहिलं, 'सगळ्यांत जास्त दुखतं'. गालाकडे बोट दाखवणारं एक चित्र काढलं. कागद जमिनीवरून आत सरकवला.

दादाने तो बराच वेळ बघितला. मग फटीतून हात बाहेर आला आणि बोट नवावर टेकलं.

त्रेपन्न वर्षांत पहिल्यांदा माझ्या भावाने कुणाला तरी सांगितलं होतं की त्याला दुखतंय. आणि आम्हाला वाटत होतं, त्याला सांगता येत नाही. त्याला समजेल असं कुणी विचारलंच नव्हतं.

पुढचं सगळं गरिमाने हातात घेतलं. तिच्या माहितीतल्या दाताच्या एका दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी फोटो बघून, फोनवर सगळं विचारून औषध लिहून दिलं. पातळ औषध, मापाच्या झाकणाने द्यायचं. झाकणावर रेषा होत्या, पाच, दहा, पंधरा. दादाने ते डोळ्यांसमोर धरून बरोबर पाचच्या रेषेपर्यंत स्वतः ओतलं आणि घेतलं. नवव्या दिवशी सकाळी साडेसातला, बाईंचा दवाखाना उघडायच्या आधी, आम्ही फक्त खुर्ची बघून आलो. दहाव्या दिवशी तो खुर्चीत बसला, दिवा बंदच होता. काय काय होणार ते गरिमाने नऊ ओळींत क्रमांक घालून लिहून दिलं होतं. तो कागद त्याने मुकट्याच्या निरीत खोचून ठेवला.

घरात मात्र शांतता हवी होती, आणि लोक काही थांबेनात. मी दारात उभी राहून ऑटिझम सांगायची, ते मान हलवून ऐकायचे आणि विचारायचे, "दर्शन कधी होईल?" शेवटी नववा दिवस होता, मी थकले आणि दौलतसिंहांना म्हटलं, "महाराजांनी एकांत घेतलाय. कुणाला सोडू नका." दौलतसिंह खुर्ची टाकून आमच्या फाटकात बसले ते दोन दिवस. भजनीमंडळाला त्यांनी हाकलून लावलं. खरं सांगून जे झालं नाही ते खोटं बोलून पाच मिनिटांत झालं. याचाही मला संताप आला, पण झोप दादाला त्या दिवशी लागली.

अकराव्या दिवशी भुलीचं औषध प्यायला देऊन दात काढला. शुद्ध हरपेपर्यंत त्याच्या अंगाला कुणी हात लावला नाही, आणि नंतर जो लावायचा तो कागदावर सहाव्या ओळीत आधीच लिहिलेला होता. तेराव्या दिवशी त्याने मऊ वरण खाल्लं, मग भात, दोन्ही वेगवेगळे.

त्याच संध्याकाळी श्रीपाद दारात हजर, मागोमाग दौलतसिंह. मंडळाला मोठं पारणं करायचं होतं, पंगत, पन्नास पानं. मी आत गेले आणि डॉक्टरीणबाईंनी दिलेली डबी आणून त्याच्यापुढे उघडली. "हा तुझा संकल्प," मी म्हटलं. "बघ. मुळापर्यंत सडलाय."

श्रीपाद दोन पावलं मागे सरला. दौलतसिंहांनी मात्र वाकून नीट पाहिलं. मला वाटलं, आता तरी. त्यांनी कपाळाला हात लावून नमस्कार केला आणि म्हणाले, "एवढं सहन केलं आणि तोंडातून एक शब्द नाही काढला. ताई, आपणच सांगा, हे साध्या माणसाचं काम आहे का?"

मी डबी बंद केली. डोकं आपटायला भिंत शोधावी असं मला झालं होतं. माझा भाऊ एक तर महाराज, नाही तर मेंटल. या दोहोंच्या मधे, दात दुखणारा साधा माणूस व्हायला त्याला हे शहर जागाच देत नाही.

तो दुखण्याचा मीटर आता त्याच्या खोलीत भिंतीवर लावला आहे. गरिमाने सांगितलंय, रोज विचारायचं, बरं असलं तरी. परवा रविवारी मी विचारलं. आई पलंगावर वाती वळत होती. दादाचं बोट एकावर गेलं. मला बरं वाटलं, आणि उगीच, बोलायचं म्हणून मी म्हटलं, "त्या दिवसांत किती होतं रे दादा? पहिल्या दिवशी?"

तो ट्रंकेशी गेला. माघाची वही काढली आणि मागचं पान उघडून माझ्यापुढे जमिनीवर ठेवली. बाकीच्या पानांवर चव्वेचाळीस घरांचे आकडे होते. या पानावर घर एकच, आमचं. एकादशीपासून तेरा दिवस, प्रत्येक दिवसापुढे एक आकडा. मीटरचा कागद मिळाल्यावर त्याने मागचे दिवस आठवून भरले होते.

तो वाचत गेला, मीटर वाचतो त्याच सुरात. "पहिला, चार. दुसरा, पाच. तिसरा, सात. चौथा, सात." आईच्या हातातली वात थांबली. "पाचवा, टाळ, नऊ."

मी त्याला म्हणणार होते की बास, पण त्याचं वाचन मधेच तोडलेलं त्याला सोसत नाही.

"सातवा, नऊ," त्याने वाचलं. "आठवा, नऊ. नववा, सात." असं अगदी तेराव्यापर्यंत. सहावा त्याने गाळला होता. दादा आकडा कधी गाळत नाही. मी वहीत बघितलं. सहाव्यापुढेही आकडा होता, इतरांपेक्षा मोठ्या अक्षरात, आणि त्याच्या पुढे दोन शब्द. सबंध पानावर दहा एकदाच होता. दाताचा नव्हता तो.

मी त्या ओळीवर बोट ठेवलं. दादाने ती वाचली, नजर वहीतच ठेवून.

"सहावा, दहा. मंजूने धरलं."